गावाची मोटर

मच्छिंद्रानं नावेच्या मोटरीचा पाय दोन गुडघ्यांच्या कचाट्यात धरला, शेवटच्या बोल्टावर पाना चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. बोल्ट करकरला, पण हलला नाही. पाना निसटला आणि बोटाचं सालटं काढून गेला.

"राकेल टाका अजून," पुष्पाबाई म्हणाली.

"टाकलंय मघाच."

"मंग मुरू द्या की. तुमाला सगळ्याचीच घाई."

त्यानं बोट तोंडात घातलं आणि बायकोकडं पाहिलं. घाई कुणाला होती ते दोघांनाही ठाऊक होतं. घरातली भांडी तिनं आठवड्यापासून गोणीत भरून ठेवली होती. स्वयंपाकापुरतं एखादं पातेलं काढायची, घासून पुसून पुन्हा गोणीत सारायची.

लिंबाखाली उलट्या टोपल्यावर वसंता बसला होता. सरपंच काकासाहेबांच्या भावकीतला, लग्नाला आलेला गडी. दसऱ्यापासून गावाची नाव त्यानं चालवायची असं ठरलं होतं, म्हणून शिकायला आला होता. शिकायचं म्हणजे तंबाखू मळत बघत बसायचं.

"मच्छिंद्रकाका, एवढी उस्तवारी करण्यापरीस नवीच मोटर आणली तर?"

"तुह्या काकाला सांग."

"त्यांना कोण सांगावं बाबा," वसंता म्हणाला आणि तंबाखू ओठाआड सरकवली.

तिसऱ्या झटक्याला बोल्ट सुटला. मच्छिंद्रानं पाय हलवत हलवत मोटरीच्या धडापासून खाली ओढला. लांब लोखंडी दांडा गंज आणि गाळ घेऊन बाहेर आला. त्या दांड्याच्या बुडाशी मुठीएवढी डबी होती. डबीचं झाकण काढलं तर आत रबरी पंखा. पंखा कसला, त्याचं मढं. मधला गड्डा तेवढा शाबूत, पात्या तुटून गेलेल्या, उरलेल्या खुंटांना वाळूनं तासलेलं.

"हे एवढंसं?" वसंता पुढं वाकला. "ह्याच्यापायी बंद पडली?"

"हे एवढंसंच गंगेचं पाणी वढून वर इंजनाला देतं. पाणी मिळालं की इंजन थंड राह्यतं. हे गेलं की तापून जागीच आवळतं."

गंगा म्हणजे गोदावरी. तिला इथं दुसरं नाव कुणी घेत नाही. मागच्या आठवड्यात त्याच गंगेच्या मधोमध ही मोटर आवळली होती. धरणातून पाणी सोडलेलं, पात्र गढूळ आणि फुगलेलं, नावेत कापूस वेचून परत निघालेल्या बाया. आधी जळका वास आला, मग शिट्टीसारखा आवाज, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वाईट होतं. नाव आडवी झाली आणि शहागडच्या पुलाकडं निघाली. मच्छिंद्र बांबू घेऊन उभा राहिला, तर बांबू तळाला लागेना. नंदाबाईनं पदरातलं लेकरू इतकं आवळून धरलं की ते रडायचंही थांबलं. शेवटी बुडत्या बाभळीच्या शेंड्यात नाव अडकली म्हणून सगळ्या वाचल्या. बायांनी बाभळीला हात जोडले. गावानं दुसऱ्या दिवशी मच्छिंद्राला शिव्या दिल्या.

पुष्पाबाईनं परात पुढं सरकवली. त्यानं डबीतून पात्यांचे तुकडे एकेक काढून परातीत मांडले, फुटलेली बांगडी जुळवावी तसे जुळवले. एक पाती कमी भरली.

"धुऊन गेली आसंल," वसंता म्हणाला.

"जाईल कुठं? वर नळीत बसली आसंल. तशीच ठेवली तर नवा पंखा घालून काय उपयोग? पाणी चढायचंच न्हाई."

मच्छिंद्रानं नळीत फुंकलं. गाल फुगले, डोळे लाल झाले, नळी हूं की चूं करीना. पुष्पाबाई उठली, केरसुणीची एक ताठ काडी मोडून आणली, तिचं टोक दातानं चावून वाकडं केलं आणि तांब्याच्या नळीत घातली. जीभ ओठावर ठेवून ती काडी हळूहळू फिरवत राहिली. रबराचा काळा तुकडा बाहेर पडला तेव्हा तिनं तो वसंताच्या पुढ्यात टाकला.

"घे. धुऊन गेल्ता म्हनं."

वसंता हसला. मच्छिंद्रही हसला. किती तरी दिवसांनी त्या अंगणात हसणं झालं.

*

गाव डोहवाडी. तीन बाजूंनी गंगेनं वेढा घातलेला आणि चौथ्या बाजूला काळ्या रानातली गाडीवाट, जी मृगात बुडते ती दिवाळीनंतरच डोकं वर काढते. तेवढे महिने गावाचा सगळा संसार नावेतून शहागडला जायचा आणि नावेतूनच परत यायचा. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाळंतीण, मयताचं सामान, नवरदेव, पिठाची गोणी. रस्ता मागायला माणसं वर गेली की वरून उत्तर यायचं, तुमच्याकडं नाव चालू आहे की. नाव चालू होती, कारण भोयाचं एक घर गावानं दावणीला बांधून ठेवलं होतं. एवढी साधी गोष्ट होती, पण ती त्या भाषेत कुणी बोलत नसे. लोक म्हणायचे, मच्छिंद्राचा गावाला मोठा आधार आहे.

आधाराची मजुरी सुगीला मिळायची. खळ्याखळ्यावर गोणी घेऊन उभं राहायचं. कुणी सूपभर ज्वारी टाकायचं, कुणी अर्धं सूप टाकून म्हणायचं, औंदा आमी तुह्या नावंत बसलोच कुठं. त्यावर हसायचं. हसलं नाही तर पुढच्या वर्षी सूप आणखी रितं यायचं. मच्छिंद्राचा बाप असाच हसत मेला. मच्छिंद्राचे दात त्या हसण्यानंच किडले असावेत.

दोनदा त्यानं सुटायचं बघितलं होतं. तरणा असताना जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला होता. गावातून दोन माणसं आली, म्हणाली, काठावर वऱ्हाड अडकून पडलंय, तेवढं उतरून दे आणि ये माघारी. तो वऱ्हाड उतरवायला गेला. पाऊसकाळ संपला, तरी वऱ्हाड काही संपलं नाही. दुसऱ्या वेळी, लेक कुंभार पिंपळगावला उजवून झाल्यावर, त्यानं तोंड उघडून विचारलं. काकासाहेब म्हणाले, पोळ्यापर्यंत थांब. पोळ्याला म्हणाले, मोटर आणून देऊन राह्यलो तुला, आता कशाचे कष्ट? मुंबईच्या बंदरावरची जुनी मोटर त्यांनी खरोखरच आणली. नावेला लागली आणि गावानं नारळ फोडले. त्या दिवशी पुष्पाबाई घरात एकटी बसून रडली होती.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. काकासाहेबांचा मेव्हणा साखर कारखान्याच्या पाणीघरावर मुकादम होता. नदीवरच्या पंपांवर बसायला पाण्याचा माणूस पाहिजे होता. नोकरी, वर राहायला पत्र्याची खोली, खोलीपुढं नळ, घरात लाईट. मेव्हण्यानंच मच्छिंद्राचं नाव काढलं, आणि पाहुण्याच्या तोंडावर काकासाहेबांना न्हाई म्हणता आलं नाही.

"जा," ते म्हणाले होते. "बिलकुल जा. पण जायच्या आधी मोटर बराबर करून दे. वसंताला हातात दे. गाव काठावर बसलं न्हाई पाहिजे. दसऱ्याला तिकडं हजर हो. मी अडवणार न्हाई, हा माहा शब्द."

म्हणून हा नवा पंखा. शहागडच्या जहांगीरभाईनं तो मुंबईहून ट्रकच्या केबिनीत ठेवून आणला होता, लग्नाची अंगठी आणावी तसा डबीत गुंडाळून. देताना त्यानं मच्छिंद्राचा हात धरून सांगितलं होतं, आणि तेव्हा पुष्पाबाई शेजारी उभी होती:

"देख मच्छिंदर, रबर है. पानी के बगैर चालू करेगा ना, तो वहीं के वहीं जल के चिपक जाता. पाय पानी में, फिर रस्सी खींचना. बाद में मेरे कू मत बोल."

*

पुष्पाबाईनं अंगाच्या साबणाची वडी ओली करून पंख्याच्या पात्यांना चोळली. मच्छिंद्रानं दांड्याच्या खाचेत नखाएवढी चावी बसवली, म्हणजे दांडा फिरला की पंखा त्याच्याबरोबर फिरावा. मग पंखा वरून सरकवला. तिनं दांडा हळूहळू फिरवायला घेतला, त्यानं डबी वरून दाबत नेली. पात्या एका अंगाला मुडपत गेल्या आणि अंग चोरून आत बसल्या.

"बघ वसंता. पात्या ह्याच अंगाला मुडपायच्या. उलट बसल्या तर मोडत्यात."

"हां."

"आन ध्यानात ठेव. मोटर पाण्याबाहेर चालू करायची न्हाई. कधीच न्हाई."

"हां काका. कळलं की."

वसंता तेव्हा लिंबावरच्या होल्यांकडं बघत होता.

दिवस मावळायच्या आत मोटर नावेला चढली. घाटावर मच्छिंद्रानं दोरी ओढली. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि धरलं. बाजूच्या भोकातून पाण्याची करंगळीएवढी धार बाहेर उडाली. पुष्पाबाईनं त्या धारेखाली तळवा धरला. पाणी कोमट होतं.

रिकामी नाव त्यांनी डोहापर्यंत नेऊन आणली. येताना तिनं मोटर वळवायचा दांडा हातात घेतला. हे ती नेहमीच करायची, नाव रिकामी असली आणि काठावर कुणी नसलं की. त्याला तो तिचा खेळ वाटे. त्या दिवशी तिनं नाव अशी सरळ घाटाला आणून लावली की टोक दगडाला टेकल्याचं कळलंसुद्धा नाही.

"आता तिकडं पंपाच्या काठावर बसून पाणी बघायचं निस्तं," तो म्हणाला.

"तुमी बघा. म्या नळाचं बघीन."

*

खंडेनवमीला काकासाहेबांच्या वाड्यापुढच्या मैदानात गावातली यंत्रं ओळीनं उभी करायची चाल होती. शेतकऱ्यानं औतं पुजावीत तशी काकासाहेबांच्या बापानं पहिलं ऑईल इंजिन पुजलं होतं, तेव्हापासून ओळ वाढत गेली. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, दोन ऑईल इंजिनं, पिठाची गिरणी चालवणारी मोटर, जीप, चार फटफट्या. सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, आणि आरती झाली की एका दमात सगळी यंत्रं सुरू करायची. तो गदारोळ ऐकायला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं यायची. ज्याचं यंत्र पहिल्या झटक्याला धरेल त्याचं वर्ष चांगलं जातं, असं मानायचे.

नावेची मोटर त्या ओळीत कधी नसायची. तिची पूजा मच्छिंद्र घाटावरच, पाण्यात करायचा. पण औंदा तो जाणार होता आणि काकासाहेबांना वसंताच्या हाती मोटर सोपवल्याचं गावाला दाखवायचं होतं. सकाळीच चार गडी घाटावर आले. मच्छिंद्र मेव्हण्यासाठी मासे धरायला डोहावर गेला होता. काठाकाठानं पोटरीभर चिखल तुडवत तो परत आला, तेव्हा मैदानात आरती संपत आली होती, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला त्याची मोटर पेचानं आवळून लावलेली होती. गळ्यात झेंडूची माळ. पाय हवेत लोंबत होता. त्याच्याखाली कोरडी जमीन आणि रांगोळी.

मच्छिंद्राच्या घशात शब्द आला. तो दोन पावलं पुढं झाला.

तेव्हाच काकासाहेबांची नजर त्याच्यावर पडली. त्यांनी हात वर करून त्याला मायेनं खूण केली, ये, ये. आणि मच्छिंद्र जागीच थांबला.

त्याला पुढचं सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणणार, मोटर कोरडी चालू करू नका. काकासाहेब वसंताकडं वळणार, म्हणणार, एवढं बी शिकला न्हाई तू? मग खांद्यावर हात टाकून म्हणणार, मच्छिंद्रा, बघतो ना तू, हे पोरगं अजून कच्चं हाय. दिवाळीपर्यंत थांब. मेव्हण्याला मी सांगतो. दिवाळीला म्हणणार, सुगी होऊ दे. मुकादम तोवर दुसरा माणूस ठेवील. हा घास तिसऱ्यांदा तोंडापुढून जाणार होता, आणि तोही त्याच्याच तोंडानं बोलल्यामुळं.

त्यानं तोंड मिटलं. इतकं घट्ट, की किडकी दाढ ठणकली.

बायांच्या घोळक्यात पुष्पाबाई होती. तिचं लक्ष त्याच्याकडं होतं. त्यानं मान हलवली नाही, डोळा मिचकावला नाही, नुसतं बघितलं. तिला कळलं. तिनं पदराचं टोक दातात धरलं. जळू दे, असं दोघांनी मैदानाच्या दोन टोकांना उभं राहून ठरवलं. निदान त्याला तरी तसं वाटलं.

गुरवानं नारळ फोडला. काकासाहेबांनी हात खाली आणला.

ट्रॅक्टर गुरगुरला, ऑईल इंजिनांनी टुकटुक धरली, फटफट्या किंचाळल्या. वसंतानं गुलालानं माखलेल्या हातानं दोरी ओढली. मोटर पहिल्याच झटक्याला धरली. माणसांनी टाळ्या पिटल्या. पाण्याविना तिचा आवाज उंच, पातळ, उघड्या जखमेसारखा होता, पण त्या गोंगाटात तो फक्त दोन माणसांना ऐकू येत होता. बाजूच्या भोकातून धार येत नव्हती. मच्छिंद्र त्या भोकाकडं बघत राहिला. आतमध्ये साबण लावून बसवलेल्या पात्या आता तापत असतील. आता मऊ होत असतील. आता.

नंदाबाई कडेवरच्या लेकराला नावेची मोटर दाखवत होती. लेकरू हात नाचवत होतं.

मग त्याला दिसलं की बायांचा घोळका दुभंगला. पुष्पाबाई चालत येत होती. धावत नव्हती. गड्यांच्या ओळीतून, जिथून त्या दिवशी कुठली बाई जात नाही तिथून, ती सरळ ट्रॉलीपाशी गेली, वसंताला कोपरानं बाजूला सारलं आणि मोटरीचं लाल बटण अंगठ्यानं दाबून धरलं.

मोटर मेली. मग एकेक करून बाकीची यंत्रंही लोकांनी बंद केली, कारण सगळे तिच्याकडं बघत होते.

"आगं, येडी का खुळी तू?" चांगुणाबाई म्हातारी ओरडली. "पुजेत हात घातला!"

पुष्पाबाईनं मोटरीच्या पायावर तळवा ठेवला, चटका बसला तसा उचलला, पुन्हा ठेवला.

"पाण्याबिगर चालवायची नसती ही," ती म्हणाली. "आतला पंखा जळतो. उद्या तुमीच बसणार नावंत, चांगुणामाय. मागल्या बारीला बाभळ होती. दरसाल बाभळ कोण ठेवतं तिथं?"



"वसंता," काकासाहेब म्हणाले, "तुला सांगितलं होतं का हे?"

वसंतानं गुलालाचा हात पॅण्टीला पुसला. "सांगितलं आसंल."

"आन मच्छिंद्रा, तू तर उभा होता की इथं."

"आवाजात कळलं न्हाई."

काकासाहेबांनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हसले. त्यांचं हसणं मोठं आणि मोकळं होतं. त्यात कुणाला राग दिसला नसता.

"सारा जन्म पाण्यावर गेला, आन आवाजात कळलं न्हाई. आसू दे. पण बाई मात्र तयार हाय हां तुही. चालवता बी येती का गं, पुष्पे?"

तिनं भाजलेला तळवा लुगड्याला पुसला.

"येती की," वसंता एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "रिकामी नाव काकीच आणती. म्या वरून बघितलंय. आन मला, काका, खरं सांगू का, पोहता बी धड येत न्हाई."

लोक हसले. काकासाहेबांनी नारळाची कवड हातात घेतली आणि तिच्यातलं पाणी माथ्याला लावलं.

"मंग सुटला की प्रश्न. मच्छिंद्रा, तू जा उद्या. मी शब्द दिला, मी फिरवत न्हाई. नाव बाई चालवील. सुगीचं सूप आपण माणसाला देत न्हाई, घराला देतो. तुहा बाप गेला तवा तू उभा राह्यला. तू चालला, आता ती हाय. काय गं?"

"आन म्या न्हाई म्हणलं तर?"

"मर्जी तुही," काकासाहेब म्हणाले. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "मेव्हण्याला निरोप धाडतो, माणूस येत न्हाई म्हणून. दोघंबी राहा सुखानं."

*

संध्याकाळी पुष्पाबाईनं गोणी उपडी केली. भांडी जमिनीवर मांडली आणि त्यांचे दोन वाटे करायला घेतले. एक ताट, एक तांब्या, एक पातेलं इकडं. बाकीचं तिकडं.

"कामून उठली तू?" मच्छिंद्रानं विचारलं. "ठरलं होतं ना आपलं?"

"काय ठरलं होतं?"

"पदर दातात धरला तू."

"रडू यायलं होतं, म्हणून धरला." तिनं पातेल्याला फुंकर मारली. "उद्या येचणीला सगळ्या जाणार हायेत. नंदी लेकरू घिऊन जाणार. तुमाला न्हाई आठवलं?"

"आठवलं."

ती थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्याला वाटलं की आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, पातेलं फेकून मारील. पण तिनं पुन्हा भांड्यांत हात घातला आणि त्याच्या वाट्यात एक वाटी जास्त टाकली.

"म्या जात न्हाई," तो म्हणाला.

"जा."

"दोघं राहू."

"कशाला? त्याच्यानं काय नाव हलकी होणार हाय? एकानं तर नळाचं पाणी प्यावं."

"दिवाळीला येतो तुला न्यायला. कुणाला न इचारता घिऊन जातो."

"या की," ती म्हणाली. "कुणाच्या नावंतून येताल?"

तिनं ते हसत म्हटलं होतं. मच्छिंद्राला हसू आलं नाही. तो उंबऱ्यावर बसून राहिला. शेजारच्या घरात पोरं उद्याच्या सोन्यासाठी आपट्याच्या फांद्यांवरून भांडत होती.

*

दसऱ्याच्या सकाळी नाव गच्च भरली होती. वेचणीच्या बाया, दुधाचे कॅन, सोनं लुटायला पाहुण्यांकडं निघालेली माणसं. मच्छिंद्र गोणी मांडीवर घेऊन पुढच्या टोकाला बसला. जन्मात पहिल्यांदा तो त्या नावेत उतारू म्हणून बसला होता, आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. पुष्पाबाईनं नऊवारीचा काष्टा कसून मारला, मोटरीचा पाय पाण्यात सोडला आणि दोरी ओढली. पंखा जगला होता. धार उडाली.

वाटेत बाया तिची थट्टा करत होत्या.

"आता तुलाच सूप घालायचं म्हणं आमी," नंदाबाई म्हणाली.

"भरून घाल पण. आर्धं घातलं तर मधीच उतरवीन."

सगळ्या हसल्या. मच्छिंद्रानं मागं वळून पाहिलं. पुष्पाबाईसुद्धा हसत होती, तोंड न उघडता, ओठ एका अंगाला नेऊन. ते हसणं त्यानं ओळखलं. ते त्याच्या बापाचं होतं, त्याचं स्वतःचं होतं.

शहागडच्या घाटावर कारखान्याची जीप उभी होती. तो उतरला. गोणी खांद्यावर घेतली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मच्छिंद्राला काहीतरी बोलायचं होतं, पण बाया उतरत होत्या, कॅन उतरत होते, आणि तोवर परतीची माणसं नावेत चढूनही बसली होती. पलीकडच्या काठावर गावची आणखी माणसं जमली होती. पाण्यावरून त्यांच्या हाका येत होत्या. काल-परवापर्यंत ती माणसं, ए नाव्या, म्हणून ओरडायची.

"ए नाववाली! लवकर आण!"

पुष्पाबाईनं पहिल्या हाकेला मान वर केली नाही. दुसऱ्या हाकेला तिनं नाव वळवली.

मच्छिंद्र घाटाच्या पायरीवर उभा राहिला. नाव मधल्या धारेत पोहोचली तेव्हा त्यानं हात वर केला. तिनं पाहिलं असावं. तिच्या एका हातात मोटरीचा दांडा होता, दुसऱ्या हातात पाणी उपसायचा डबा.